मागच्या दाराची मीटिंग

बोस्त्यांव फुर्ताद आमच्या बँडात ट्रंपेट वाजवतो. ओठ ओले केल्याशिवाय सूर लागत नाही असं त्याचं म्हणणं, आणि पाण्यानं ओठ ओले होतात यावर त्याचा विश्वास नव्हता. मार्चात त्याची सासू वारली. शवपेटी चर्चच्या पायऱ्या चढू लागली आणि या गृहस्थानं नवरानवरीला मांडवात घेताना वाजवतात ती धून लावली. ड्रमवाल्यानं सवयीनं ठेकाही धरला. खरं सांगतो, मला हसू आलं, आणि त्याची लाज अजून वाटते. त्याची बायको पिएदाद पेटीमागून चालत होती. तिनं मान वर केली नाही. दफन झालं आणि ती तशीच भावाकडे लोटलीला निघून गेली.

महिन्याभरानं तिचा निरोप आला. शनिवारी दारू सोडणाऱ्यांची मीटिंग भरते, तिथं ये. घरच्यांनाही बसू देतात, मी येऊन बसेन. तू दिसला नाहीस तर यापुढे माझी वाट बघू नकोस.

आता मीटिंग भरते कुठं हे विचारायचं कुणाला? आमच्याकडे कुणाच्या हंडीत कुठला मासा शिजतोय ते जेवायच्या आधी गावाला कळतं. बोस्त्यांवनं बराच विचार केला आणि विचारलं तावेर्नवाल्या, गावाला दारू पाजणाऱ्या इनासला.

"माझ्या कुडतरीच्या मावसभावाला हवंय रे."

इनास ग्लास पुसत म्हणाला, "मावसभावाला सांग, चर्चच्या हॉलात, पाच वाजता, मागच्या दारानं. माझी चार चांगली गिऱ्हाईकं तिथंच गेली. आणि म्हणावं, टोपी घालून आलास तरी मिशी दिसते."

शनिवारी बोस्त्यांव टोपी घालूनच आला. मागच्या दाराशी नेमका मेव्हण्याचा शेजारी उभा होता. त्याच्यासमोरून आत जायची हिंमत होईना, म्हणून हा वळसा घालून पुढच्या दाराला आला. आतून आवाज ऐकू आला, "मी दारुडा आहे! मी माझं घर धुळीला मिळवलं!" याला वाटलं, पोचलो.

तो आवाज माझा होता. पुढच्या हॉलात चर्चच्या सणाला, फेस्ताला, होणाऱ्या आमच्या तियात्राची तालीम चालली होती. दरवर्षी तियात्रात दारुडा असतो आणि गेली अकरा वर्षं तो मीच. ओफेलिया टीचर नाटक बसवतात. मला, म्हणजे रोमानला, मेकअप लागत नाही, असं त्या सगळ्यांना सांगतात.

बोस्त्यांव गुपचूप मागच्या खुर्चीत बसला. ट्रंपेट वाजवायला आला असेल, असं आम्ही धरून चाललो. त्यानं इकडेतिकडे पाहिलं. पिएदाद नव्हती. पण बाकी कोण कोण होतं! पंचायतीचा कारकून, दोघी शिंपिणी, आणि खुद्द ओफेलिया टीचर. नंतर तो मला म्हणाला, "टीचरला बघून धीर आला बाबा. ती पिते तर मी कोण मोठा लागून गेलो?"

माझं रडणं संपलं तसा तो उठला. टोपी काढली.

"मी बोस्त्यांव. मी पण दारुडा."

सगळे खो खो हसले. टीचर टाळ्या वाजवत म्हणाल्या, "बघ रोमान, असं म्हणायचं असतं. तू नुसता ओरडतोस."

तो थांबला नाही. "माझ्या सासूनं मला जावई कधी म्हटलं नाही, मुलगाच म्हणायची. तिच्या पेटीपुढे मी लग्नाची धून वाजवली. वाजवताना मला वाटत होतं, काय सुंदर वाजवतोय मी. पिएदाद आज यायची होती. आली नाही. बरोबर केलं तिनं."

हॉलात कुणी हसेना. टीचरनी हातातली वही मिटली. कुणीतरी बोलायला हवं होतं, म्हणून मीच म्हणालो, "बोस्त्यांव, ही तालीम आहे रे. मीटिंग मागच्या खोलीत."

त्याचा चेहरा पांढरा पडला. घड्याळात पावणेसहा झाले होते. तो धावला आणि त्याच्यामागे आम्ही अख्खं तियात्र.

मागच्या खोलीतून पिएदाद बाहेरच पडत होती. पर्स काखेत, ओठ घट्ट मिटलेले.

"पाऊण तास बसले," ती म्हणाली. "पुरे झालं आता."

"तो आला होता गं," टीचर धापा टाकत म्हणाल्या. "पुढच्या हॉलात होता. सगळं बोलला."

"कुणासमोर?"

"आम्हा बावीस जणांसमोर," मी म्हणालो. "मीही साक्षीदार."

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि नाक उडवलं. "तू लांबून बोल रोमान. वास इथपर्यंत येतोय." मग नवऱ्याकडे वळली. "आईचंही सांगितलंस?"

त्यानं मान हलवली.

 पिएदाद परत आत गेली आणि खुर्चीत बसली. "बावीस जणांनी ऐकलं. मी नाही ऐकलं. आता मला सांग."

आतले लोक सरकले आणि त्याला जागा झाली. कुणी मला हाकललं नाही, म्हणून मी दाराशीच थांबलो. बोस्त्यांवनं नावापासून सुरुवात केली.  सासूच्या पेटीपाशी येऊन तो अडला.

पिएदादनं काखेतली पर्स खाली जमिनीवर ठेवली.

"बोल," ती म्हणाली. "मला घाई नाही."