बूट न काढता

माझी आई डूख धरणारी बाई आहे. हे मी लाजून नाही, कौतुकाने सांगते. बूट शिवण्यात आमच्या भागात तिचा हात धरणारं कुणी नाही, आणि राग जपण्यातही. समोरच्या सलूनवाल्याने एकदा तिच्या भावाला, म्हणजे माझ्या मामाला, वेडा म्हटलं. त्यानंतर त्याने शिवून घेतलेले बूट आजतागायत करकर वाजतात. तो दुरुस्तीला आणतो, आई मन लावून तपासते आणि म्हणते, "मला तर काहीच ऐकू येत नाही बाई."

मामा आमच्याकडेच राहतो. केस पिकलेत त्याचे. जन्मापासून मतिमंद, असं कागदोपत्री म्हणतात. दुकानातल्या जोड्या लावणं, नाड्या ओवणं ही कामं त्याची, त्यात आईसुद्धा लुडबुड करत नाही.

मध्यंतरी तो स्वतःच्याच डाव्या गालावर थपडा मारायला लागला. जेवणाचं ताट भिरकावून द्यायचा. दुखतंय का विचारलं की "नाही" म्हणायचा, कारण "हो" म्हटलं की सुई टोचतात, एवढं तो आयुष्यात पक्कं शिकला होता. आईला दाताचा संशय आला. ती त्याला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली, मीही सोबत होते.

तिथल्या डॉक्टरांनी मामाकडे धड पाहिलंही नाही. सगळं आईलाच विचारलं. "चावतो का? मारतो का? रात्री झोपतो का?"

"एकदा तोंड बघा ना त्याचं," आई म्हणाली.

"तो काय उघडून बसणार आहे? भूल द्यावी लागेल. कशाला उगाच एवढा खटाटोप? अशा लोकांचं वय वाढलं की हे असंच होतं. स्वभाव असतो."

आणि झोपेचं औषध लिहून दिलं. त्यांच्या चिठ्ठीशिवाय दातांच्या विभागात कुणी भूल द्यायला तयार होईना.

औषधाने थपडा थांबल्या खऱ्या, कारण हात उचलायचंच त्राण उरलं नाही. मामा दिवसभर स्टुलावर लाळ गाळत बसायचा आणि दोन डावे बूट एकत्र बांधून ठेवायचा. मग ताप यायला लागला. त्याचं काही बरंवाईट झालं असतं तर मी त्या माणसाला सोडलं नसतं. पण आईचा नंबर माझ्या आधी होता.

एका सकाळी तेच डॉक्टर बायकोच्या, म्हणजे डॉक्टरीणबाईंच्या, खांद्यावर हात टेकून लंगडत आमच्या दुकानात आले. आई दुखऱ्या पायांसाठी चांगले बूट करते, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. त्यांनी आईला ओळखलं नाही. आईने ओळखलं. तिने हातातलं काम बाजूला ठेवलं आणि गोड हसली, सलूनवाल्याला हसते तशी.

"बाई, हे कधीपासून असे चालतात?" तिने डॉक्टरीणबाईंना विचारलं.

"माझ्या टाचेत दुखतं," डॉक्टर म्हणाले.

"अगंबाई, बोलतात की!" आई बाईंनाच म्हणाली. "चावतात का? मारतात का?"

बाईंना हसावं की रागवावं कळेना. डॉक्टर बूट काढायला वाकले.

"राहू द्या, राहू द्या. पाय स्थिर ठेवणार आहेत का ते? कशाला उगाच खटाटोप? वय वाढलं की पुरुष असेच चालतात. स्वभाव असतो. झोपेचं औषध देत जा बाई, म्हणजे लंगडणार नाहीत."

"अहो, बूट न काढताच कळलं तुम्हाला?" डॉक्टर ओरडले.

आईने तेव्हा पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. "तोंड न उघडताच कळलं होतं ना तुम्हाला?" आणि कोपऱ्यातल्या मामाकडे बोट केलं.

डॉक्टरांचा चेहरा उतरला. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

"जा, बघा आता," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या.

डॉक्टर मोबाइलचा दिवा लावून मामासमोर उभे राहिले आणि पुन्हा आईलाच विचारलं, "चावतो का?"

"त्याला विचारा की."

त्यांनी विचारलं नाही. सरळ बोट घातलं, तेही डाव्या बाजूला. तिथे मामा कुणाला हात लावू देत नाही, हे आईला पक्कं ठाऊक होतं. ती गप्प राहिली. मामा कडकडून चावला.

डॉक्टर बोट धरून खालीच बसले. मामा घाबरला, त्यांच्या बोटाकडे बघत राहिला. मग वाकून म्हणाला, "दुखतं?"

"हो," डॉक्टर म्हणाले.

मामाने गालावर हात ठेवला. "माझं पण."

दुखऱ्या बोटानेच डॉक्टरांनी भुलीची चिठ्ठी लिहिली, आजच घेऊन या म्हणाले. आईने ती ब्लाउजमध्ये खोचली आणि मामाच्या चपला शोधायला लागली.

"आणि यांचे बूट?" डॉक्टरीणबाईंनी दारातून विचारलं.

"आधी ह्याचं दुखणं थांबू दे," आई म्हणाली. "तोवर लंगडू देत."