कानबाईचे चार नवे भाऊबंद

कलाबाईचा आवाज खणखणीत, पण घरात जेठासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, तिनं तो कधी काढला नव्हता. सुरतेजवळच्या उधन्यात, कापड कारखान्यात ती सुताच्या कांड्या भरायची आणि मागांच्या खडखडाटात बिनधास्त गायची. १९७४ साली शेजारच्या गोदामात मगन आणि त्याचे तिघे मित्र गिटारी घेऊन तालमी करत. त्यांना रॉकची तबकडी काढायची होती. एकेक गाणं तबकडीची अख्खी बाजू खाणारं, आणि त्यात गावाकडची गाणी. कलाबाईनं गायलेलं कानबाईचं गाणं त्यांच्या कानावर पडलं आणि ते तिच्या मागेच लागले. तिला तर हवंच होतं. आपलं गाणं एकदा तरी कुणी यंत्रं बंद करून ऐकावं, एवढीच तिची हौस.

जेठ लोटू मात्र अडून बसला. कानबाई देवी श्रावणात घरी येते, तिची गाणी भाऊबंदांतच म्हणायची आणि तिच्या नैवेद्याचे जाडजूड रोटही भाऊबंदांनीच खायचे, ही खानदेशची रीत. त्यातून त्याला रोटांचाच घोर होता. सुरतेत भाऊबंदांची घरं उरली दोन, आणि रोट तर पौर्णिमेच्या आत संपलेच पाहिजेत. गेल्या साली ते संपवता संपवता त्याचं पोट बिघडलं होतं. यंदा देवी गावीच बसवू, असं तो म्हणू लागला.

कलाबाईनं पदर पुढे ओढला आणि दाराआडून पहिल्यांदाच जेठाशी बोलली.

"मंग त्या पोरेस्ले भाऊबंद करी ल्या. गानंबी व्हई, रोटबी सरतीन."

लोटूला आधी राग आला, मग पोट आठवलं.

श्रावणात लांब केसांचे ते चौघे पाटावर बसले. लोटूची बायको शोभाबाई हसू दाबत वाढत होती. गुजराती मगननं रोटांबरोबर कैरीचा छुंदा मागितला, तो काही मिळाला नाही. तरी पोरांनी रोटांचा फडशा पाडला आणि लोटूनं गाण्याला होकार दिला.

संक्रांतीला मगन तबकडी आणि प्लेयर घेऊन घरी आला. गिटारींचा धुडगूस ऐकून लोटूनं कान झाकले. मग सगळी वाद्यं थांबली आणि नुसता कलाबाईचा आवाज घरभर झाला. स्वयंपाकघराच्या दाराआड ती कान देऊन उभी होती. लोटूनं कानांवरचे हात काढले आणि गाणं संपेपर्यंत तो जागचा हलला नाही.

"मगन, परत लाव," तो म्हणाला. मग दाराकडे न बघता हाक मारली, "कला, भाहेर ये. आठे बशीसन ऐक."