आत्याच्या पेशी

घरातला पहिला पदवीधर मी झालो तो शिरोळच्या आत्यामुळे. पुढं कोल्हापुरात संशोधन करताना माझ्या प्रयोगासाठी रक्तही तिनंच दिलं. जंतूची चाहूल लागली की रोगप्रतिकारक पेशीत कॅल्शियम शिरतं, तेव्हाच ती जागी होऊन साखर ओढू लागते. जंतूचा अंश घालूनही आत्याच्या पेशी जाग्या होईनात.

“आत्या, तुझ्या पेशी लई आळशी हायत की!” मी हसलो.

“म्हंजे मला काय झालंय व्हय रं?”

तिनं दवाखान्याच्या फेऱ्या सुरू केल्या. पुढं उमगलं, रक्त गोठू नये म्हणून नळीत घातलेलं रसायन कॅल्शियम धरून ठेवतं आणि पेशींवरून ते रसायन मी धुतलंच नव्हतं. तोंडानं सांगायची लाज वाटली, म्हणून लिहिलं:

“आत्या, तुझं रक्त चांगलं आहे. माझी चूक मी तुझ्या अंगावर ढकलली. दवाखान्यात जाऊ नकोस. रविवारी येतो, मनसोक्त शिव्या दे.”