कॉलरवरचा माइक आणि उशिरा येणारं हसू

आमची सूनबाई काय काम करते, असं कुणी विचारलं की मी आधी खुर्ची पुढे ओढून बसतो. ते सांगायला वेळ लागतो, आणि वेळ माझ्याकडे रग्गड आहे.

लग्न ठरलं तेव्हा चिरंजीव म्हणाले होते, "ती ड्रायव्हर लिहिते." मी म्हटलं, "ड्रायव्हर ठेवतात रे, लिहितात कुठे?" आमचं शिक्षण गावच्या शाळेतलं, पण आता मला कळतं. यंत्राच्या पोटात बरेच भाग असतात. एक ऐकतो, एक पाठवतो, एखादा नुसता झोपा काढतो. त्यांना उठवून कामं वाटून देणारा मुकादम म्हणजे ड्रायव्हर. आमची सूनबाई असे मुकादम घडवते. बोलते कमी. विचारात पडली की चहाचा कप घेऊन खिडकीशी उभी राहते आणि चहा पार निवला की घटाघट पिऊन टाकते.

तर झालं असं, की आमची ही कानांनी अधू झाली. घरात चार माणसं जमली की हळूच उठायची आणि आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत बसायची. घड्या घातलेल्या कपड्यांच्या पुन्हा घड्या! कपाट आमचं देखणं झालं, पण बैठक ओस पडली. माझ्या किश्श्यांना हक्काचं हसणारं माणूसच उठून गेलं.

सूनबाईची कंपनी ऐकण्याची यंत्रं बनवते. नवं यंत्र चाचणीसाठी तिनं घरीच आणलं. बोलणाऱ्याच्या कॉलरला इवलासा माइक, ऐकणाऱ्याच्या कानात दोन बोंडं. माइकमधला आवाज हवेतून थेट कानात. पहिल्या दिवशी ही लहान मुलीसारखी खूश झाली. पण सूनबाई म्हणाली, "आई, अजून कुलूप लावायचंय. आत्ता आवाज उघडाच जातोय. शेजारीपाजारी असलंच यंत्र घेऊन कुणी बसला, तर त्यालाही ऐकू येईल."

"यांचे किस्से चोरून कोण ऐकणार गं? समोर बसवलं तरी लोक पळतात."

"आणि उद्या तुम्ही डॉक्टरांशी बोलत असलात तर?"

हिनं बोंडं काढून तिच्या हातावर ठेवली.

या कुलपाला एन्क्रिप्शन म्हणतात. ते दोन तऱ्हांनी लावता येतं. चिपमध्ये त्याच एका कामाचा वेगळा कोपरा असतो, तो लावतो. नाहीतर मुख्य प्रोसेसर इतर कामं करता करता सॉफ्टवेअरनं लावतो. किल्ली तीच, कुलूपही तितकंच भक्कम, लावणारा हात वेगळा. ऑफिसात मोजमाप झालं होतं. चिपचा कोपरा चपळ, बॅटरीही कमी खातो. म्हणून सूनबाईनं काम त्याच्याकडे सोपवलं आणि यंत्र पुन्हा घरी आणलं.

मी कॉलरला माइक लावला आणि शाळेच्या घंटेचा किस्सा सुरू केला. घंटा चोरीला गेली, गुरुजींनी जाहीर केलं की जो शोधून आणेल त्याच्या वर्गाला सुट्टी. दुसऱ्या दिवशी घंटा सापडली, आणि मग ती दर आठवड्याला चोरीला जाऊ लागली. सगळे हसले. हसून थांबले. मग ही हसली, एकटीच. ते तिच्याही ध्यानात आलं. तिनं बोंडं काढून ठेवली.

"तोंड आधी हलतं, शब्द मागून येतो. डोकं भणभणतं माझं. परवा ताई येतेय. तोवर जमलं तर बघू, नाहीतर ठेव तुझं यंत्र डबीत. मी आत बसेन."

सूनबाईचा चेहरा उतरला. तिनं ऑफिसातल्या साहेबांना फोन लावला, स्पीकरवर, आणि कुलूप सॉफ्टवेअरनं लावून बघते म्हणाली.

"चिपमध्ये आयती सोय असताना प्रोसेसरला कशाला राबवतेस?" साहेब म्हणाले. "दुपारीच बॅटरी बसेल. आणि मोजलंय ना आपण?"

"मोजलंय. पण काय देऊन मोजलं, ते बघते."

मग तिनं मला जेवणाच्या टेबलाशी बसवलं, माइक लावला आणि म्हणाली, "बाबा, बोला."

"किती वेळ?"

"मी थांबा म्हणेपर्यंत."

आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी कामासाठी बोलायला लावलं! चिरंजीव कानात कापूस घालून फिरत होते. सूनबाई एकदा चिपकडून, एकदा सॉफ्टवेअरनं, आलटून पालटून मोजत होती. थांबा म्हणायचं ती विसरली आणि मी काही आठवण करून दिली नाही.

मधेच ती खिडकीशी गेली, गार चहा प्यायली आणि हसत वळली.

"ऑफिसात आम्ही भलीमोठी फाइल देऊन मोजलं होतं, बाबा. बोलणं तसं जात नाही. ते बारीक बारीक तुकड्यांनी जातं. एक रुमाल धुवायला कुणी लॉन्ड्रीत जातं का? द्या, थांबा, झाला का विचारा, घेऊन या. तोवर घरच्या नळाखाली पिळून वाळत टाकला असता. लॉन्ड्रीत गठ्ठा न्यावा."

साहेबांना तिनं पुन्हा फोन लावला. "साहेब, प्रत्येक तुकड्यासाठी चिपच्या कोपऱ्याला उठवायचं, मग त्यानं प्रोसेसरला उठवायचं, या उठाउठीतच वाचलेली बॅटरी जाते. वर उशीर होतो तो वेगळाच."

"मग तो कोपरा वाया?"

"वाया कशाला? नवं सॉफ्टवेअर भरताना मोठा गठ्ठा येतो, तो त्याच्याकडे. चालू बोलणं जागच्या जागी. ड्रायव्हर आकार बघून ठरवेल. आकडे पाठवते."

"पाठव. पटले तर तसंच करू. आणि मागे कोण बोलतंय मघापासून?"

"आमचे बाबा. चाचणी चालू आहे."

ठरल्या दिवशी हिची ताई, म्हणजे माझी मेहुणी, आली. ही बोंडं घालून बसली खरी, पण खुर्ची आतल्या दाराशेजारची धरली होती. ते मी पाहिलं, सूनबाईनंही पाहिलं. तिनं माझ्या कॉलरला माइक लावला आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

मी घंटा काढली. गुरुजी आले, सुट्टी जाहीर झाली, घंटा सापडली. मी नेहमीप्रमाणे थांबलो, दम घेतला, तोंड उघडलं, आणि—

"मग ती दर आठवड्याला चोरीला जाऊ लागली!" ही म्हणाली. "अगं ताई, चोर हा काय, समोर बसलाय!"

मेहुणी हसून लोटपोट. माझा किस्सा भर बैठकीत पळवला गेला होता. सूनबाई म्हणाली, "आई, आवाज वेळेवर येतोय ना?"

"येतोय तर! आता यांना थांबवायचं बटण तेवढं बसव."

कपड्यांचा ढीग त्या दिवशी पलंगावर तसाच पडून राहिला.