पिकअपचा हीटर आणि आईचं पातळ

मंडळी, आज बाबांच्या जुन्या पिकअपचा हीटर बिघडला. गरम हवा नुसती काचेवर, पायांकडे काहीच नाही. इंजिन ज्या रबरी नळीतून हवा ओढून हीटरची झडप फिरवतं, ती तडकली होती. टोकाला हिरवी चिंधी बांधलेली.

“ही कशाला?” मी विचारलं.

बाबा म्हणाले, “शहाऐंशी साली तान्ह्या तुला कोल्हापूरच्या इस्पितळातून घरी आणत होतो. आंबा घाटात हीच नळी निसटली. थंडीने तू निळा पडलास. तुझ्या आईने पातळाची किनार फाडून दिली, त्या चिंधीने मी नळी आवळली. घाट उतरून साखरप्याला पोचलो तेव्हा कुठे तू रडलास, तेव्हा आमच्या जिवात जीव आला.”

“बारशासाठी घेतलेलं कोरं पातळ हो ते!” म्हणत आईने डोळे पुसले.

नवी नळी बसवून दोघांना मांडवीच्या समुद्रकिनारी फिरवून आणलं. तुमच्या तान्हेपणाची अशी कुठली गोष्ट तुम्हाला उशिरा कळली?