न वाजलेले अकराचे टोले

बंद घड्याळाखाली बसून मी हातातोंडाशी आलेली मास्तरणीची नोकरी घालवली. अकराच्या मुलाखतीसाठी अंथुर्ण्याहून पहिल्या एसटीनं आले आणि टाउन हॉलच्या टॉवरखाली शहाण्यासारखं ठाण मांडलं. काळ्या दगडाच्या कमानी, वर घंटा, चार दिशांना चार तबकड्या. माझ्या बाजूची पावणेअकरावर कायमची थांबलेली, हे गावाला ठाऊक, मला नाही. काटे हलेनात, तर मला वाटलं, वेळच सावकाश जातोय. शिवाय अकराचे टोले पडतीलच की! शेवटी उठून आत गेले तेव्हा मुलाखती संपून हॉल रिकामा होता. पुढं जन्मभर ऊस खुरपला. आज नातीनं त्या टॉवरचा फोटो दाखवला, आणि दुखरे गुडघे चोळताना तिथल्या म्हाताऱ्या शिपायाचं त्या दिवशीचं बोलणं आठवलं: “पोरी, टोले मीच देतो गं. आज अकराला आत तुझंच नाव पुकारत हुतो, म्हणून द्यायचे राह्यले.”