मीठ मागायची मुभा

आमच्या शेजारच्या मिरियमबाई किहिमकरांना डाव्या कानानं ऐकू येत नाही. कारण मीठ.

अमरावतीच्या आमच्या गल्लीत ज्यूंचं हे एकच घर. शुक्रवारी संध्याकाळी घरचा माणूस पोळी हातात धरून देवाचे आभार मानतो, तुकडा मिठाला लावून खातो आणि मग सगळ्यांना देतो. आभार मानल्यापासून घास गिळेपर्यंत कुणी बोलायचं नसतं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी मिरियमबाई मधेच बोलल्या, "अवो, मीठ राह्यलं." नवऱ्यानं, त्या दानिएलनं, कानाखाली अशी लगावली की पडदाच फाटला. वर मेला गल्लीभर सांगत फिरला, शास्त्र म्हणजे शास्त्र!

मागच्या महिन्यात एका शुक्रवारी त्यांच्या प्रार्थनाघरातले एक गुरुजी ठाण्याहून जेवायला आले. मीठ स्वयंपाकघरातच राहिलं होतं. आभार मानून झाल्यावर ते सहज म्हणाले, "वहिनी, जरा मीठ आणता?"

बाईंनी घाबरून कान झाकला. गुरुजी हसले. "अहो, मीठ मागायची मुभा आहे. शास्त्रातच लिहिलंय."

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं.

"मले माईत होतं," तो म्हणाला आणि जेवू लागला.

पुढच्या शुक्रवारी मी त्यांच्याकडेच बसले होते. टेबलावर मीठ नव्हतं. दानिएलचे गुडघे गेलेले, त्याला उठवत नाही. आभार मानून तो म्हणाला, "मीठ दे." मग ओरडून म्हणाला.

बाईंनी खुर्ची फिरवली आणि डावा कान त्याच्याकडे करून बसल्या.